रस्त्याच्या भिंतीवरून संग्रहालयाच्या भिंतीवर

४ जून १९६८ रोजी वॉर्साच्या दक्षिण टोकाला, विलानूफमध्ये, जगातलं पहिलं पोस्टर संग्रहालय उघडलं, तेव्हा शहरात एका नाटकावरून पेटलेला वणवा जेमतेम विझला होता. नाटक आदाम मित्सकिएविचचं, पितरांच्या विधीचं नाव घेऊन आलेलं 'ज्यादी'. काझिमिएश देय्मेक या दिग्दर्शकानं नोव्हेंबर १९६७मध्ये ते राष्ट्रीय नाट्यगृहात उभं केलं. संहिता एकोणिसाव्या शतकातली, झारशाहीविरुद्धची. पण प्रेक्षक त्या जुन्या वाक्यांना अशा टाळ्या वाजवू लागले, की त्या झारसाठी नाहीत हे सरकारला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. प्रयोग थांबवण्याचा हुकूम निघाला. ३० जानेवारी १९६८चा शेवटचा प्रयोग संपवून विद्यार्थी मित्सकिएविचच्या पुतळ्याकडे गेले आणि मार्चमध्ये विद्यापीठांतून आंदोलन भडकलं. लाठ्या चालल्या, धरपकड झाली, कित्येकांना देश सोडावा लागला.

त्यानंतर तीन महिन्यांत त्याच सरकारनं पोस्टरसाठी एक स्वतंत्र संग्रहालय जनतेला अर्पण केलं. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तसं करवत नाही. कारण विलानूफच्या संग्रहालयाची वाटचाल सांगायची तर ती आधी वॉर्साच्या प्रेक्षकाची सांगावी लागते. रंगमंचावरच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या वाक्यात आजची बातमी ऐकणारा हा माणूस नाट्यगृहाबाहेर लावलेल्या चित्रात काय काय पाहत असेल?

विलानूफ म्हणजे राजा यान सोबिएस्कीचा राजवाडा. हा राजा शिवछत्रपतींचा समकालीन, १६८३च्या व्हिएन्नाच्या लढाईमुळे युरोपभर गाजलेला. राजवाड्याच्या पुढच्या आवारात एकोणिसाव्या शतकातली घोडेस्वारीची जुनी शाळा होती. तिची जागा आणि दर्शनी भाग हाताशी धरून नवी इमारत उभी राहिली आणि वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा म्हणून पोस्टर संग्रहालय तिथं नांदू लागलं. राष्ट्रीय संग्रहालयानं आधीपासून जमवलेली हजारो पोस्टरं हे पहिलं भांडवल. यानिना फियाल्कोव्स्का पहिल्या प्रमुख. आज संग्रह साठ हजारांच्या पुढे गेला आहे.

पण संग्रहालयाची खरी निकड निर्माण केली ती दोन वर्षं आधी सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिकीनं. युझेफ म्रोश्चाक या चित्रकार-प्राध्यापकाच्या पुढाकारानं १९६६मध्ये वॉर्सात ती भरली. देशोदेशींची पोस्टरं आली. प्रदर्शन संपलं की ती ठेवायची कुठं, हा साधा प्रश्न होता, आणि पुष्कळ संस्था अशाच साध्या प्रश्नांतून जन्माला येतात. पोस्टर हे मुळात टिकवण्यासाठी केलेलं नसतंच. साधारण सत्तर बाय शंभर सेंटिमीटरचा स्वस्त कागद, वर खळ, महिन्याभरात त्याच्यावर दुसरा कागद. ते जपून ठेवायचं म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणं आलं.

त्या पहिल्या द्वैवार्षिकीत सुवर्णपदक मिळवणारं एक पोस्टर नाट्यगृहाचं होतं. आल्बान बेर्गच्या 'वोत्सेक' या ऑपेरासाठी यान लेनित्सानं १९६४मध्ये ते केलं. ते जरा जवळून पाहू. कागदभर एक डोकं. त्यात मधोमध उघडलेलं तोंड. आणि त्या तोंडापासून निघालेल्या जाड, लाल-नारिंगी वळशांच्या लाटा सबंध चेहऱ्यावर, केसांवर, कागदाच्या कडेपर्यंत पसरत गेलेल्या. चेहरा कुठं संपतो आणि आवाज कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. नटाचं चित्र नाही, प्रसंग नाही, सैनिकाचा गणवेशही नाही.

हे पोस्टर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं दिसलं असणार, आणि त्यात चूक कुणाचीच नाही. ज्याला ऑपेरा ठाऊक नाही त्याला किंकाळी दिसते. कदाचित मुंकचं चित्र आठवतं. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याला वरिष्ठांनी चेष्टेचा विषय केलेला, डॉक्टरनं प्रयोगाचं जनावर केलेला, शेवटी आपल्या सोबतिणीला, मारीला, भोसकून तळ्यात बुडणारा गरीब सैनिक दिसतो, आणि त्या लाटांत तळ्याचं पाणीही दिसू लागतं. संगीताच्या माणसाला त्या वळशांत बेर्गचा वाद्यमेळ ऐकू येतो. प्रयोग पाहून परत जाणाऱ्याला तेच पोस्टर पुन्हा नवं वाटतं; जाताना जे तोंड ओरडत होतं ते येताना बुडताना दिसतं. लेनित्सानं यातलं नेमकं काय योजलं होतं याला फारसं महत्त्व नाही. त्यानं जागा ठेवली, हे महत्त्वाचं.

अशी जागा ठेवण्याची परंपरा पोलंडला नवी नव्हती. १८९९मध्ये क्राकूफला मेटरलिंकच्या 'अंतर्गृह' या नाटकासाठी स्तानिस्लाफ विस्प्यान्स्कीनं केलेलं पोस्टर पोलिश नाट्य-पोस्टरांच्या इतिहासात पहिल्या पानावर असतं. त्यात खिडकीशी उभी एक मुलगी आहे आणि पुष्कळसा मजकूर. नाटकात घराबाहेरच्या बागेत उभी माणसं खिडकीतून आतलं कुटुंब पाहत असतात. आतल्यांची मुलगी बुडून मेली आहे आणि आतल्यांना ते अजून कळलेलं नाही. विस्प्यान्स्कीनं मृत्यू दाखवला नाही, खिडकी दाखवली. पोस्टर पाहणाऱ्याला त्यानं बागेत उभं केलं. हे एवढं त्या काळी कुणाच्या लक्षात आलं असेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण खिडकी दिसली की आत पाहावंसं वाटतं, एवढ्यासाठी नाट्यशास्त्र शिकावं लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोष्ट पालटली. वॉर्सा जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं. शहर नव्यानं बांधताना जागोजागी लाकडी कुंपणं उभी राहिली आणि त्या कुंपणांवर पोस्टरं लागली. राखाडी शहरातला रंग तेवढाच. सरकारी चित्रपट संस्थेनं हेन्रिक तोमाशेफ्स्की, एरिक लिपिन्स्की, तादेउश त्रेप्कोव्स्की अशा चित्रकारांना काम दिलं. नटनट्यांचे गोड चेहरे काढायचे नाहीत, असं या मंडळींचं म्हणणं होतं, आणि ते मानलं गेलं. १९४८मध्ये व्हिएन्नाच्या चित्रपट-पोस्टर प्रदर्शनात एकट्या तोमाशेफ्स्कीनं पाच पहिली पारितोषिकं मिळवली. मधल्या काही वर्षांत समाजवादी वास्तववादाचा बडगा आला. १९५६च्या सुमारास हवा सैलावली आणि चित्रकार पुन्हा मोकळे झाले. १९६०मध्ये लेनित्सानंच 'ग्राफिस' या स्विस नियतकालिकात लेख लिहून या सगळ्याला 'पोलिश पोस्टर घराणं' म्हणून जगापुढं मांडलं.

या बहराचं कारण सांगताना लोक कलावंतांच्या धैर्यावर बोलतात. धैर्य होतंच. पण एक रुक्ष कारणही आहे आणि मला ते जास्त पटतं. पोस्टरला तिकीट खपवायचं नव्हतं. नाट्यगृहं सरकारी, तिकिटं स्वस्त, छापणारी प्रकाशनसंस्थाही सरकारी. निर्मात्याचं घर गहाण पडलेलं नाही, तिकीटबारीवर कुणाचा जीव टांगलेला नाही. मग पोस्टरवर नटाचं नाव मोठ्या टाइपात टाकायची सक्ती करणार कोण? आपल्या व्यावसायिक रंगभूमीशी ताडून पाहिलं की फरक लगेच समजतो. आपल्याकडे नाटकाचं दृश्यरूप भिंतीपेक्षा वर्तमानपत्राच्या जाहिरातीत वाढलं. कमल शेडगे यांनी रेखाटलेली शीर्षकाची अक्षरं पाहून नाटक विनोदी की ऐतिहासिक, घरगुती की रहस्यमय, हे आपला प्रेक्षक एका दृष्टिक्षेपात ओळखायचा आणि शेजारच्या कॉलमात प्रयोग कुठं, किती वाजता, ते पाहायचा. तिथं अक्षरानं लवकर आणि नेमकं बोलणं हाच गुण होता. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचं बुकिंग कोड्यानं होत नाही.

पोलंडमध्ये मात्र कोडंच खपत होतं. आणि ते सोडवायला बसलेल्यांत सर्वांत आधीचा, सर्वांत कसून पाहणारा प्रेक्षक होता सेन्सॉर. वॉर्सातल्या मिशिया रस्त्यावर त्याचं मुख्य कार्यालय. छापून लोकांपुढं जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ते पोस्टर का असेना, त्याच्या नजरेखालून जायची. हे चित्रकाराला ठाऊक, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठाऊक. माझ्या मते पोलिश पोस्टर वाचण्याची सगळी किल्ली या दुसऱ्या 'ठाऊक'मध्ये आहे. चित्र सेन्सॉरच्या हातून सुटून आलं आहे हे माहीत असलं, की पाहणारा त्यात सुटून आलेलं काहीतरी शोधू लागतो. पक्षी दिसला की पिंजरा आठवतो. तोंड दिसलं की ते कुणी दाबलं याचा विचार येतो. कधी चित्रकारानं काहीच लपवलेलं नसायचं, तरी लोकांना सापडायचं. आणि अशा वेळी सेन्सॉरनं कुणाला जाब विचारायचा?

याचं सर्वांत सुंदर उदाहरण तोमाशेफ्स्कीचंच आहे. १९८३. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१पासून लष्करी कायदा. 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेवर बंदी, पुढारी तुरुंगात. नटांनी सरकारी दूरचित्रवाणीवर काम करायचं नाही असा बहिष्कार टाकलेला; नाट्यगृहं मात्र पुन्हा सुरू झालेली. रस्त्यावर कुणी दोन बोटं उंचावून विजयाची खूण केली तर पोलिसांचं लक्ष जायचं, कारण ती संघटनेची खूण झाली होती. अशा वेळी विटोल्ड गोम्ब्रोविचच्या 'इतिहास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा प्रयोग ठरला आणि तोमाशेफ्स्कीनं पोस्टर केलं: एक अनवाणी पाऊल, आणि त्याची बोटं विजयाच्या खुणेसारखी फाकलेली.

बस, एवढंच. नाटकाचा नायक लेखकाचंच नाव लावतो आणि चपला-बूट काढून अनवाणी हिंडतो. त्याचे घरचे त्याची परीक्षा घ्यायला बसतात आणि बघता बघता सम्राट, सेनापती होऊन जातात. म्हणजे पाऊल संहितेतूनच आलेलं. सेन्सॉरनं विचारलं तर उत्तर तयार: लेखकानं नायकाला अनवाणी ठेवलं आहे, आम्ही काय करणार? आणि रस्त्यावरचा माणूस? त्याला हातानं करायची खूण पायानं केलेली दिसते. तो हसतो. हसता हसता त्याला कळतं, की हात बांधलेले असले तरी बोटं अजून शिल्लक आहेत. दुसऱ्या कुणाला त्यात थट्टाही दिसली असेल: विजय कसला, धुळीत तुडवत चाललोय आपण, इतिहास हा असाच पायी चालायचा. दोन्ही वाचनं टिकतात. गोम्ब्रोविचला कोणतीही वीरश्री मनापासून आवडत नव्हती हे लक्षात घेतलं तर दुसरं वाचन कदाचित नाटकाच्या जास्त जवळचं. पण १९८३च्या वॉर्सात पहिलं वाचन जिंकणार हे ठरलेलं होतं. पोस्टरचा अर्थ तारखेनं ठरतो, हे मी इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेलं नाही.

तोमाशेफ्स्कीनं १९५२ ते १९८५ अशी तीन दशकांहून जास्त वर्षं वॉर्साच्या कला अकादमीत शिकवलं. परदेशातून मुलं यायची. पॅरिसचा 'ग्रापुस' हा गट स्थापन करणाऱ्यांपैकी दोघे, ब्रिटनीचा आलें ल केर्नेक, सगळे त्याचे विद्यार्थी. अनावश्यक ते काढून टाकत जायचं, पाहणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवायचा, ही त्याची शिस्त. त्याची स्वतःची पोस्टरं पाहिली की वाटतं, हा माणूस ब्रश उचलायच्या आधी बराच वेळ नुसता बसून राहत असणार.

सगळेच असे नव्हते. फ्रान्चिशेक स्तारोव्हेय्स्की अगदी उलट टोकाचा. फुगलेली शरीरं, कवट्या, पिसं, हाडं, आणि खाली वळणदार जुन्या हस्ताक्षरात सही. वर त्याची एक खोड: तारीख तीनशे वर्षं मागची टाकायची. १९७०चं पोस्टर असेल तर खाली १६७०. संग्रहालयात नोंदी करणाऱ्यांनी या गृहस्थाला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते आपण कल्पनेनं जाणावं. पण त्या खोडीनंही पाहणाऱ्याला एक वाट दाखवली: हे चित्र आजचं समजू नका. आणि तसं सांगितलं की माणूस हमखास आजचंच शोधतो.

इथं एक तक्रार नोंदवायला हवी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोड्याची सवय झाली. डोळ्यातून हात, हातातून झाड, डोक्याच्या जागी पिंजरा: नाटक कुठलंही असो, चित्र तेच. त्या काळातल्या काही गठ्ठ्यांमधून नाटकाचं नाव झाकून पोस्टर दाखवलं तर ते मोलिएरचं की म्रोझेकचं हे ओळखता येणार नाही. प्रेक्षकाला अर्थ लावायला मोकळीक देणं वेगळं आणि त्याला सगळं काम करायला लावणं वेगळं. तोमाशेफ्स्कीच्या पावलात नाटक आहे. त्याच्या मागून आलेल्या अनेकांच्या चित्रांत फक्त चित्रकार आहे.

आणि मग ४ जून १९८९. संग्रहालयाला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षं झाली, आणि त्याच दिवशी पोलंडमध्ये अंशतः मुक्त निवडणूक झाली. भिंतींवर तोमाश सार्नेत्स्की या तरुणाचं पोस्टर होतं: 'हाय नून' या अमेरिकन चित्रपटातला शेरिफ गॅरी कूपर चालत येतो आहे, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर ताऱ्याच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला, मागं संघटनेचं लाल नाव. हे काही नाटकाचं पोस्टर नव्हे. पण ते ज्यांनी क्षणात वाचलं ते चाळीस वर्षं नाटका-सिनेमाच्या पोस्टरांवर वाचायला शिकलेले लोक होते. एकटा माणूस, भरदुपार, समोर गुंड: हे सगळं चित्रपटातून उचलून निवडणुकीत ठेवायला त्यांना एकाही ओळीच्या खुलाशाची गरज पडली नाही.

त्यानंतर सेन्सॉर गेला आणि त्याच्याबरोबर कोड्याची धारही गेली. पाठोपाठ जाहिरात कंपन्या आल्या, मोठमोठे फलक आले, मालिकांमधून ओळखीच्या झालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं नाट्यगृहांच्या दारावर आली. आता पोस्टरला तिकीट खपवायचं होतं. याचं दुःख करणारे पुष्कळ लेख लिहिले गेले. मला त्यात थोडा ढोंगीपणा वाटतो. तुरुंग गेल्याबद्दल आनंद मानायचा आणि तुरुंगातल्या गुप्त खुणा गेल्या म्हणून हळहळायचं, हे दोन्ही एकाच तोंडानं शोभत नाही. शिवाय चित्रं थांबली नाहीत. पोझ्नान आणि व्ह्रोत्सवाफच्या रंगभूमीशी जोडलेला, स्वतः नेपथ्यकारही असलेला रिशार्ड काया २०१९मध्ये वारला तोवर ऑपेरा-नाटकांची पोस्टरं रंगवत होता. योआन्ना गुर्स्का आणि येझी स्काकुन ही जोडी २००३पासून दोन-तीन सपाट रंगांत, साध्या आकारांच्या खेळात तेच काम करते. त्यांच्या चित्रांत एक आकार दुसरा होतो आणि बघणाऱ्याला तो बदल पकडल्याचा आनंद मिळतो; पण त्यामागं भीती नाही.

विलानूफचं संग्रहालय या सगळ्यातून चालत राहिलं. १९९४पासून द्वैवार्षिकी त्याच्याच आवारात भरू लागली आणि प्रदर्शन व संग्रह एका छपराखाली आले. जगभरच्या प्रवेशिकांनी कपाटं भरत गेली. क्राकूफ-वॉर्साच्या दुकानांत जुन्या पोस्टरांची पुनर्मुद्रणं पर्यटक घेऊ लागले. आज 'वोत्सेक'चं ते तोंड दूरदेशीच्या एखाद्या कॅफेत कॉफीयंत्राच्या वर टांगलेलं असतं आणि खाली बसलेल्याला बेर्ग ठाऊक नसतो, वॉर्सा ठाऊक नसतं, ते ऑपेराचं पोस्टर आहे हेही कधी कधी ठाऊक नसतं. त्याला रंग आवडलेला असतो. हेही एक वाचनच, भले वरवरचं.

संग्रहालयापुढची अडचण मात्र यातून स्पष्ट दिसते. कागद जपता येतो. आर्द्रता, उजेड, वाळवी यांचे उपाय ठरलेले आहेत. कुठल्या नाट्यगृहासाठी, कोणत्या वर्षी, कुणी केलं, हे नोंदवता येतं. पण १९८३मध्ये ट्रामची वाट पाहणारी एक बाई त्या अनवाणी पावलाकडे पाहून शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून हसली असेल, तर ते हसू कोणत्या नोंदवहीत लिहायचं? त्याशिवाय ते पाऊल अपुरं आहे. नव्या पिढीच्या पोलिश विद्यार्थ्याला ते पाहून प्रथम योगासन आठवलं तर त्याला दोष देता येणार नाही.

निदान या एका बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. १९८३मध्ये विशीत असलेली माणसं आज साठी ओलांडलेली आहेत. त्यांच्यासमोर त्या वर्षांची पोस्टरं एकेक करून ठेवावीत, तेव्हा तुम्ही यात काय पाहिलं होतं आणि कुणाबरोबर असताना पाहिलं होतं ते विचारावं, आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करून त्या त्या पोस्टरच्या नोंदीला जोडावीत. काहीजण चुकीचं आठवतील, काहीजण नंतर वाचलेलं स्वतःचं म्हणून सांगतील, तेही ठेवावं. शेडगे यांच्या अक्षरांवरून नाटक ओळखणारे आपल्याकडचे प्रेक्षकही आता त्याच वयाचे आहेत, आणि शिवाजी मंदिरापासून बालगंधर्वपर्यंतच्या तिकीटबारीवर वर्षानुवर्षं बसलेल्यांपैकी काहीजण अजून भेटतील. त्यांना विचारायला टेपरेकॉर्डर आणि दुपारचा चहा एवढं पुरेल.